साथ ओसरल्यानंतर

संकट टळलें म्हणजे त्याची आठवणहि पुसट होऊं लागते, हा मनुष्यस्वभावच आहे. १९१८ सालीं मुंबई बंदरांतून शिरलेल्या इन्फ्लुएंझानें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं असा अंदाज आहे. परंतु शंभर वर्षांनीं त्या हाहाकाराची स्मृति फारच थोड्या घरांत उरली होती. कोरोनाच्या साथीचेंहि तसेंच होऊं नये. ५ मे २०२३ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें या साथीची आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. आग विझल्यावर घराची पाहणी करावी, त्याप्रमाणें या साथीनें वैद्यकाला आणि समाजाला काय शिकविलें, याचा हिशेब मांडून ठेवणें अवश्य आहे.

पहिला धडा नम्रतेचा. साथीच्या आरंभीं तज्ज्ञांचें लक्ष हातांवर आणि वस्तूंवर खिळलें होतें. घरोघरीं भाजी धुतली जात होती, दारांच्या कड्या पुसल्या जात होत्या. हा रोग हवेंतून पसरत नाहीं, असें आरोग्य संघटनेनें मार्च २०२० मध्यें सांगितलें. त्याच महिन्यांत अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यांत एक बोलका प्रकार घडला. १० मार्च रोजीं एका गायकवृंदांतील ६१ जण सुमारें अडीच तास तालमीस जमले. त्यांपैकीं एकाला सर्दीसारखीं लक्षणें होतीं. त्याच्यासह ५३ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. बंद खोलींत गाण्याबोलण्यांतून उडणारे सूक्ष्म कण हवेंत तरंगत राहतात, हें पुढें मान्य करावें लागलें. मत बदलण्यांत कमीपणा नाहीं. तें बदलण्यास लागलेला विलंब मात्र महाग पडला.

दुसरा धडा पुराव्याचा. भीतीच्या दिवसांत कोणत्याहि औषधाला चमत्काराचें रूप येतें. हिवतापावरील हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनला असाच भाव आला. ब्रिटनमध्यें मात्र 'रिकव्हरी' नांवाच्या प्रयोगांत हजारों रुग्णांची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, गटागटांत वांटणी करण्यांत आली आणि औषधांचा गुण पारखण्यांत आला. जून २०२० मध्यें निकाल हातीं आले. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीननें रुग्णालयांतील मृत्यु कमी होत नव्हते. उलट डेक्सामेथासोन या जुन्या आणि स्वस्त स्टेरॉइडनें श्वासयंत्रावरील रोग्यांचे मृत्यु सुमारें एक तृतीयांशानें घटले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना मात्र त्यापासून लाभ दिसला नाहीं. या शेवटच्या वाक्याकडे पुष्कळांचें दुर्लक्ष झालें. २०२१ च्या लाटेंत स्टेरॉइडें अनेक ठिकाणीं अवाजवी दिलीं गेलीं, रक्तांतील साखर वाढली आणि विशेषतः मधुमेही रोग्यांवर म्युकरमायकोसिस या बुरशीनें घाला घातला. महाराष्ट्रांत कित्येकांना डोळा किंवा जबडा गमवावा लागला. वेळ आणि मात्रा चुकली कीं तारणारें औषधच मारक होतें.

तिसरा धडा पूर्वतयारीचा. विषाणूची जनुकीय रचना जानेवारी २०२० मध्यें प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ब्रिटनमध्यें लोकांना लस टोचली जाऊं लागली. हें यश कांहीं एका वर्षाचें नव्हे. कॅटलिन कॅरिको आणि ड्रू वाइसमन यांचें त्यामागील महत्त्वाचें संशोधन २००५ सालींच प्रसिद्ध झालें होतें. नोबेल पारितोषिक त्यांस २०२३ सालीं मिळालें. तहान लागल्यावर विहीर खणूं नये, ही म्हण प्रयोगशाळेलाहि लागू पडते.

चौथा धडा समाजाचा. आणि तोच सर्वांत जड आहे. घरांत राहा, हा उपदेश ज्याला घर आणि घरांत धान्य आहे त्यालाच पाळतां येतो. २५ मार्च २०२० पासून देश बंद झाला आणि हातावर पोट असलेले मजूर गांवाकडे पायीं निघाले. ८ मे रोजीं पहाटे करमाडजवळ, जालन्याहून चालत आलेले आणि थकून रुळांवर निजलेले १६ मजूर मालगाडीखालीं सांपडून मेले. रुळांवर त्यांच्या पोळ्या विखुरल्या होत्या. त्यांना रोगानें नेलें नाहीं. तरीहि ते या साथीचेच बळी होत. याच्या उलट धारावींत महापालिकेच्या माणसांनीं दारोदार जाऊन ताप तपासला, स्थानिक डॉक्टरांस बरोबर घेतलें, रोग्यांना वेगळें ठेवण्याची आणि त्यांच्या जेवणाची सोय केली. आणि त्या दाट वस्तींतली पहिली लाट आटोक्यांत आली. हुकुमापेक्षां विश्वासानें आणि शिध्यानें अधिक काम होतें, हें तेथें दिसलें.

पुढची साथ केव्हां येईल हें कोणी सांगूं शकत नाहीं. ती येणारच नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. शाळेच्या खिडक्या उघड्या आहेत काय, ताप असलेल्या नोकराला पगार न कापतां रजा मिळते काय, ऐकीव औषधाची चिठ्ठी शेजाऱ्याकडे धाडण्यापूर्वीं कोणी क्षणभर थांबतो काय, हे प्रश्न लहान दिसतात. परंतु त्यांचीं उत्तरें शांततेच्या दिवसांतच तयार करावीं लागतात. गेलेल्यांचें खरें स्मारक त्या उत्तरांतच आहे.