चिपच्या कारखान्यात जनतेचा वाटा किती?

(सांगोला येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



छोटे देश तंत्रज्ञानात आपल्या पायांवर कसे उभे राहतात, हा प्रश्न दुष्काळी तालुक्यातील कार्यकर्त्यांना दूरचा वाटेल. परंतु या उद्योगाचे बिल आपल्याच करांतून चुकते होत असते.

तैवान महाराष्ट्राहून कितीतरी लहान. तेथे सरकारने १९७३ मध्ये औद्योगिक संशोधन संस्था काढली आणि १९७६ मध्ये अमेरिकेच्या आरसीए कंपनीशी करार करून आपले अभियंते तिकडे शिकावयास धाडले. १९८७ मध्ये टीएसएमसी ही कंपनी स्थापन झाली, तेव्हा तिच्या भांडवलाचा जवळजवळ निम्मा वाटा सरकारचा होता. जोखीम जनतेची, तशी मालकीही. अर्थात त्याच वर्षापर्यंत तेथे लष्करी कायदा होता, कामगारांना संपाची बंदी होती. तो भाग आपल्याला सर्वस्वी त्याज्य आहे.

आपल्याकडे बुद्धीचा दुष्काळ कधीच नव्हता. अमेरिकेने महासंगणक देण्यात आडकाठी केली, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ ही सरकारी संस्था निघाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध झाला. मात्र त्यातील चिप परदेशीच होत्या. यंत्र जुळविण्याची विद्या आली, चिपचा कारखाना आला नाही.

त्यासाठी केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. मंजूर कारखान्याचा निम्मा प्रकल्पखर्च केंद्र उचलते. वर राज्यांची सवलतींची चढाओढ. २०२२ मध्ये वेदान्त-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातेत गेला म्हणून केवढा गदारोळ झाला! पुढच्याच वर्षी फॉक्सकॉनने अंग काढून घेतले. कारखाना कोणत्या राज्यात, यावर सारे भांडले. त्याचा मालक कोण, हे फारसे कोणी विचारले नाही.

सांगोल्याच्या शेतकऱ्याला हा भेद शिकवावा लागत नाही. सहकारी सूतगिरणीला शासन भागभांडवल देते, तेव्हा ते भागधारक होते आणि हिशेब मागते. जो न्याय शेतकऱ्यांच्या गिरणीला, तोच उद्योगपतीच्या कारखान्याला का नको?

म्हणून आपल्या मागण्या तीन असाव्यात. सार्वजनिक पैशाच्या प्रमाणात सार्वजनिक मालकी. तंत्रज्ञान शिकविण्याची अट करारातच, आणि ते शिक्षण शासकीय महाविद्यालयांतील व आयटीआयमधील मुलामुलींपर्यंत. कायम नोकरी व संघटनेचा हक्क. गावोगावच्या सभांतून हा प्रश्न मांडा. पैसा देणाऱ्याने हिशेब मागणे, हे लोकशाहीत कर्तव्यच आहे.