नऊ रुग्णांमागे एक



मिरजेला बाहेरगावचा माणूस येतो तो बहुधा दोन कारणांनी. एक तर तंबोरा-सतार घ्यायला, नाहीतर औषधपाण्याला. दुसऱ्या कारणाने येणारे कितीतरी जास्त. कोकणातून, सोलापूरकडून, सीमेपलीकडच्या कर्नाटकातून रात्रीच्या गाडीने आलेला रुग्ण पहाटे मिरज जंक्शनवर उतरतो आणि रिक्षावाला काही न विचारता त्याला दवाखान्यात नेतो. अशा गावात परिचारिकांचे अधिवेशन भरते आहे, याचा स्वागत समितीला आनंद आहे. समितीच्या वतीने सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. काल रात्रीची ड्युटी संपवून थेट एसटीत बसलेल्या प्रतिनिधींची संख्या नोंदणीच्या टेबलावर लक्षात आली. त्यांचे स्वागत जरा जास्त.

या गावाची वैद्यकीय ख्याती सुरू होते ती डॉ. विल्यम वॉन्लेस यांच्यापासून. त्यांचे रुग्णालय १८९४ मध्ये इथे उभे राहिले. पुढे १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले आणि दवाखान्यांच्या पाट्यांनी रस्ते भरले. वॉन्लेससाहेबांचे नाव वॉन्लेसवाडीच्या रूपाने नकाशावर आहे. त्यांनी चाकू चालवल्यानंतर रात्रभर रुग्णाच्या उशाशी जागलेल्यांची नावे मात्र गावात कुणाला विचारली तर सांगता यायची नाहीत. मिरजेलाच दोष द्यावा असे काही नाही, सगळीकडे हेच आहे. पण स्वागताच्या दिवशी यजमानाने आपली उणीव झाकू नये.

परिचारिका नेमके काय करते, याचे उत्तर बहुतेक लोक ‘इंजेक्शन देते, सलाइन लावते’ एवढेच देतात. सकाळी आठला वॉर्डात उभे राहिले तर चित्र वेगळे दिसते. रात्रपाळीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला ओव्हर, म्हणजे पाळीचा ताबा, देत असते, खाटेखाटेपाशी थांबून. सहा नंबरच्या आजोबांची लघवी रात्री दोननंतर कमी झाली आहे, तासाला ३० मिलीच्या खाली गेली की डॉक्टरांना कळवायचे. अकरा नंबरचे काल ऑपरेशन झाले, बीपी ठीक आहे पण नाडी वाढते आहे, ड्रेसिंग बघत राहायचे. आत रक्तस्राव सुरू असेल तर नाडी आधी धावते आणि बीपी बऱ्याच उशिरा पडते. हे पुस्तकात असते. पण तीस खाटांच्या गर्दीत ते नेमक्या खाटेवर, नेमक्या वेळी दिसावे लागते. श्वास मोजायचे तर पूर्ण एक मिनिट उभे राहावे लागते. नातेवाइकांना वाटते, पेशंट छान झोपलाय. सिस्टरच्या लक्षात आलेले असते की अठराचे श्वास अठ्ठावीस झाले आहेत.

सलाइनचेही तसेच. पाचशे मिलीची बाटली सहा तासांत जायची असेल आणि सेट मिलीला वीस थेंबांचा असेल, तर मिनिटाला साधारण अठ्ठावीस थेंब पडायला हवेत. पंप नसलेल्या वॉर्डात हा हिशेब मनातल्या मनात होतो आणि घड्याळाकडे बघत चाकी फिरवली जाते. हृदय कमजोर असलेल्या रुग्णाची तीच बाटली दोन तासांत गेली तर फुप्फुसात पाणी भरते. इन्शुलिनचे उदाहरण त्याहून बोलके आहे. आपल्याकडे कुपीतले इन्शुलिन बहुतेक मिलीला ४० युनिटचे असते आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटच्या इन्शुलिनसाठी असते. घाईत नारिंगी सिरिंज उचलून त्याच कुपीतले इन्शुलिन भरले तर डोस अडीच पटींनी चुकतो. टोपणाच्या रंगाकडे टाकलेली ती एक नजर कोणत्याही केसपेपरवर नोंदवली जात नाही.

या कामाचे सर्वांत मोठे मोजमाप आपल्याच राज्यात झाले आणि ते फार दुःखद मार्गाने झाले. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या तरुण परिचारिकेवर तिथल्याच एका कामगाराने हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला आणि त्या पुन्हा कधी शुद्धीवर आल्या नाहीत. हल्लेखोराला शिक्षा झाली ती चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाबद्दल, सात वर्षांची. अरुणाताई केईएममध्येच राहिल्या, १८ मे २०१५ पर्यंत. त्यांना दयामरण द्यावे की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा तपासणीसाठी नेमलेल्या डॉक्टरांना जे आढळले, त्याची दखल ७ मार्च २०११ च्या निकालात आहे: इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण झालेला नव्हता.

वैद्यकीय क्षेत्राबाहेरच्या माणसाला या एका वाक्याचे वजन कळत नाही. हालचाल न करणाऱ्या माणसाच्या माकडहाडावर, टाचांवर, खुब्यावर, खांद्याच्या पात्यांवर शरीराचा भार पडत राहतो आणि काही तासांत तिथली कातडी मरू लागते. त्यावर उपाय एकच: दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ पुसायची, कोरडी करायची, चादरीची सुरकुतीसुद्धा राहू द्यायची नाही. दिवसाला बारा वेळा. निकालापर्यंतच्या सदतीस वर्षांचा हिशेब मांडला तर ही संख्या दीड लाखाच्या वर जाते. यात नव्याने भरती झालेल्या मुली आल्या, निवृत्त होणाऱ्या मेट्रन आल्या, दंगली, पूर, सणवार, संप सगळे आले. दयामरणाच्या विनंतीला केईएमच्या परिचारिकांनीच विरोध केला आणि न्यायालयाने त्यांचे म्हणणे मानले. त्या भूमिकेशी कुणी असहमत असू शकेल. पण ‘आम्ही सांभाळू’ असे म्हणण्याचा अधिकार त्यांनी कमावलेला होता.

आणि त्याच प्रकरणाची दुसरी बाजू अशी की, १९७३ मध्ये मुंबईच्या परिचारिका रस्त्यावर आल्या त्या कामाच्या जागी सुरक्षितता मागण्यासाठी. मागणी अजून जुनी झालेली नाही. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरच्या हल्ल्याविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. कायद्यात परिचारिकेचा समावेश आहे. तरीही अपघात विभागात रात्री दोनला नातेवाइकांचा घोळका चढून येतो तेव्हा समोर ती असते, आणि पोलिस चौकी आवाराच्या दुसऱ्या टोकाला.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात तर बंदुका घेतलेली माणसेच शिरली. अंजली कुलथे प्रसूतिपूर्व कक्षात ड्युटीवर होत्या. त्यांनी वीस गरोदर महिलांना छोट्याशा पँट्रीत हलवले, दिवे मालवले. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्यावर तिला भिंतीच्या कडेकडेने प्रसूतिगृहात पोचवले. पुढे त्यांनी हल्लेखोर कसाबला ओळखले, साक्ष दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्या रात्रीची हकिगत सांगितली. अशा वेळी वर्तमानपत्रे ‘रणरागिणी’ लिहितात. सत्कार होतात, शालींचा ढीग पडतो. १२ मेचा परिचारिका दिन आला की मेणबत्त्या पेटतात, सेवेचे गोडवे गायले जातात. हे सगळे चांगलेच आहे, फक्त त्याने रात्रपाळीला दुसरी सिस्टर येत नाही.

खरा प्रश्न तिथेच आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका हवी, म्हणजे एका पाळीत साधारण नऊ रुग्णांमागे एक. रजा-आजारपणासाठी वर तीस टक्के राखीव. अतिदक्षता विभागात निकष याहून कडक. तीस खाटांच्या वॉर्डाला अशा हिशेबाने तेरा जणी लागतात आणि प्रत्येक पाळीत तिघी-चौघी. सभागृहात बसलेल्यांपैकी किती जणींच्या वॉर्डात रात्री तिघी असतात? हात वर करायला सांगण्याची गरज नाही, नुसत्या हसण्यातच उत्तर आले. शिवाय ‘तीस खाटा’ हा कागदावरचा आकडा. पावसाळ्यात डेंग्यू-लेप्टोची साथ आली की खाटांच्या मध्ये गाद्या पडतात आणि त्या गाद्यांवरचे रुग्ण कुठल्याही मंजूर पदात मोजलेले नसतात.

या कमतरतेची किंमत शास्त्राने मोजली आहे. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांचा, चार लाखांहून अधिक शस्त्रक्रिया-रुग्णांचा अभ्यास २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला. परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने याआधीच कायद्याने कमाल रुग्णसंख्या ठरवून दिली होती. तिथे सामान्य वॉर्डात एका परिचारिकेकडे पाचांपेक्षा जास्त रुग्ण द्यायचे नाहीत. आपल्याकडे पाच म्हटले तर मेट्रनसुद्धा थट्टा समजतील.

मनुष्यबळ कमी, आणि जबाबदारीचा काटा मात्र खालीच घसरतो. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविड अतिदक्षता विभाग पेटला आणि त्या दिवशी अकरा रुग्ण दगावले. दोन्ही ठिकाणी ड्युटीवरच्या परिचारिकांवर गुन्हे दाखल झाले. नगरमध्ये एका डॉक्टरसह तीन परिचारिकांना अटक झाली. कोणाची चूक किती, हे न्यायालये ठरवतील. पण वायरिंग तपासणे, फायर ऑडिट करणे, तुषारयंत्रणा बसवणे ही कामे परिचारिकेच्या कामाच्या यादीत कधीच नव्हती. त्या बाळांच्या आईबापांचे दुःख मोठे आहे, आणि म्हणूनच त्यांना खरे उत्तर मिळायला हवे, जवळ सापडलेले नव्हे.

पगाराबद्दल थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने सुचवले होते की पन्नासहून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत आणि दोनशेहून अधिक खाटा असतील तर सरकारी परिचारिकेएवढे. अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली. मिरज-सांगलीच्या छोट्या नर्सिंग होममध्ये त्यानंतर किती पगारपत्रके बदलली, हे याच सभागृहात पुढच्या रांगेत बसलेले डॉक्टर सांगू शकतील. यजमान समितीत त्यांच्यापैकी काही जण आहेत, म्हणून हे मुद्दाम त्यांच्या तोंडावर. काही ठिकाणी नोकरी लावतानाच मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली जातात, हेही सर्वांना ठाऊक आहे. सरकारी सेवेत दुखणे निराळे: कायम पदे रिकामी ठेवून बाहेरच्या एजन्सीमार्फत भरती. त्याविरुद्ध मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिकांनी संप केला, तेव्हा ‘रुग्णांना वेठीला धरले’ असा ओरडा झाला. रिकाम्या पदांनी रुग्ण आधीच वेठीला धरले गेले होते, ही गोष्ट त्या गदारोळात कुणी ऐकून घेतली नाही.

मग मुली जर्मन शिकतात. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. आखाती देश आणि इंग्लंड तर पूर्वीपासून आहेतच. जाणाऱ्यांना शुभेच्छाच द्याव्यात. तिथे त्यांना रुग्ण मोजून मिळतील. पण ज्या राज्यात जिल्हा रुग्णालयांत पदे रिकामी आहेत, त्याने परिचारिका पाठवण्याचा करार करावा आणि पदभरतीला मुहूर्त लागू नये, हे गणित जुळत नाही, असे स्वागत समितीचे स्पष्ट मत आहे.

आता व्यवस्थेबद्दल. जेवण दुपारी एकला आहे. नाइट करून आलेल्यांसाठी मागच्या दालनात गाद्या घातल्या आहेत, तिथे झोपलेल्या प्रतिनिधीला गैरहजर धरले जाणार नाही. व्यवस्थेत कमीजास्त झाले तर ते पोटात घालावे.

एक विनंती आहे. प्रत्येक प्रतिनिधीच्या पिशवीत एक कोरे कार्ड आहे. आपल्या वॉर्डात खाटा किती, काल रात्री प्रत्यक्ष रुग्ण किती होते आणि ड्युटीवर परिचारिका किती होत्या, एवढेच त्यावर लिहावे. रुग्णालयाचे नाव लिहिले नाही तरी चालेल, सही नको. पेटी नोंदणीच्या टेबलावर ठेवली आहे. उद्या ठरावांच्या सत्राआधी ती सर्वांसमोर उघडली जाईल, आणि आरोग्य विभागाला पाठवायच्या पहिल्या ठरावाला ही कार्डे जोडली जातील.