चावी फिरवण्याआधीचे तीन तास

बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळतंय आणि मी उणे तीस अंशांतल्या डिझेल इंजिनाबद्दल बोलायला उभा आहे. पण तुमच्यापैकी कित्येकांची मुलं कॅनडात विनिपेगला, एडमंटनला असतात. तिथे गाडीच्या नाकाखाली लोंबणारा प्लग पाहून "ही काय विजेवर चालते?" असं विचारणारे आईवडील मला भेटले आहेत.

तो प्लग ब्लॉक हीटरचा, म्हणजे सुरू करण्याआधी इंजिन तापवणाऱ्या हीटरचा. नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी १९४९ साली त्याचं पेटंट मिळवलं. इंजिनाचा एक हेड बोल्ट काढून त्या जागी तापणारा बोल्ट बसवायचा, अशी त्यांची युक्ती होती. आता बहुतेक ठिकाणी कूलंटमध्ये बुडालेली कॉइल असते.

मोटरहोमला, म्हणजे आत राहता येईल अशा गाडीला, तो जास्त का लागतो? मोठ्या मोटरहोममध्ये डिझेल इंजिन मागे, पलंगाच्या खाली असतं. डिझेलला स्पार्क प्लग नाही. हवा दाबून तापवायची आणि त्या तापल्या हवेत इंधन फवारायचं, एवढ्यावर सगळं चालतं. ब्लॉक गारठलेला असला, की ही उष्णता लोखंडच पिऊन टाकतं. उणे अठराला लेड-अ‍ॅसिड बॅटरीची ताकद निम्म्यावर येते, आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेलं ऑइल स्टार्टरकडून जास्त जोर मागतं. पगार अर्धा आणि भाडं दुप्पट! कसंबसं इंजिन सुरू झालं तरी पांढरा धूर निघतो. ते न जळलेलं डिझेल. ऑइल सगळीकडे पोचेपर्यंत बेअरिंगांची झीज होते ती वेगळीच.

हीटर रात्रभर लावून ठेवणं मात्र उधळपट्टी आहे. मोटारीला दोन तास पुरतात, या मोठ्या इंजिनाला तीन-चार. पंधरा-वीस डॉलरचा टायमर लावा आणि निश्चिंत झोपा.

विजेचा हिशेब आधी करा. कॅम्पग्राउंडचं ३० अँपिअरचं कनेक्शन १२० व्होल्टवर ३६०० वॉट देतं. इंजिनाचा हीटर १००० ते १५०० वॉटचा. त्यात खोलीचा हीटर लावला आणि वर मायक्रोवेव्ह सुरू केला, की ब्रेकर पडलाच. एक्स्टेन्शनची वायर जाड घ्या. बारीक वायर तापते आणि आग लागते. इन्व्हर्टर लावून मोटरहोमच्या राहत्या भागातल्या बॅटऱ्यांवर हीटर चालवायचा विचारही नको. तीन तासांत किमान तीन युनिट जातात, आणि १०० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी भरलेली असली तरी तिच्यात सव्वा युनिटही नसतं. वीजच नसेल तिथे कूलंट तापवणारा डिझेलचा बर्नर बसवून घेणं शहाणपणाचं.

हीटर इंजिन तापवतो, टाकी नाही. टाकीतल्या डिझेलमधलं मेण गोठलं तर गरम इंजिनही उपाशीच. म्हणून हिवाळी डिझेल भरायचं. इंडियन ऑइलने २०१९ साली लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं, ते याचसाठी. लडाखला गाडी नेणाऱ्या आपल्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावं.

शेवटी एक विनंती. इंजिन सुरू होईना म्हणून कुणी ईथरचा फवारा सुचवील. मोटरहोमच्या पुष्कळ डिझेल इंजिनांत आत येणारी हवा तापवणारी जाळी असते. ती लाल झालेली असताना ईथर मारलंत तर भडका उडतो आणि इंजिन फुटू शकतं. तो डबा गाडीत ठेवूच नका.