पिशवी घरातून निघू द्या

(वर्षावासातील रविवारच्या कार्यक्रमात महिला मंडळाच्या वतीने झालेले भाषण)



विहारात पिशवीवर कसले भाषण, असे काहींनी आम्हाला हसत विचारले. म्हणून सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो.

गल्लीच्या तोंडाशी भाजी घेऊन बसणारी ताई आपल्यापैकीच आहे. पातळ पिशव्या ठेवल्या म्हणून तिला पाच हजारांचा दंड झाला. किती दिवसांची कमाई गेली, ती कुणाला बोलली नाही. पण त्या पिशव्या मागत कोण होते? आम्हीच! दहा रुपयांची कोथिंबीर घ्यायची आणि वर, "पिशवी दे की गं," म्हणायचे. ती नाही म्हणाली तर पुढच्या गाडीवर जायचे. सवय आमची आणि दंड तिला. त्या दिवशी आम्हाला लाज वाटली आणि या कामाला सुरुवात झाली.

बंदी काही नवी नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईचे नाले तुंबले, त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांचाही हात होता. त्यानंतर राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी घातली. शेजारच्या बांगलादेशाने पुराच्या अनुभवातून २००२ मध्येच पातळ पिशव्या बंद केल्या होत्या. पुढे २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवरच बंदी आली. पहिल्यांदा सापडला तर पाच हजार, दुसऱ्यांदा दहा हजार, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिने कैद, असा दंड ठरला. म्हणजे कायदा आहे. तरीही पिशवी आहेच, कारण मागणारा हात आहे.

आता कुणी म्हणेल, आपल्यावर एवढी कामे पडली असताना हे कशाला? बंधूंनो, नाला तुंबला की पाणी आधी कुणाच्या घरात शिरते? वरच्या मजल्यावर नाही, आपल्या बैठ्या खोल्यांत शिरते. गटारात उतरून तो गाळ कोण उपसतो? आणि कचऱ्याच्या ढिगावर कोण वाकते? पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्यातल्या बहुतेक बाया दलित समाजातल्या आहेत. बाटली विकली जाते, जाड प्लॅस्टिक विकले जाते. पण उष्ट्या-खरकट्याने भरलेल्या पातळ पिशवीला भंगारात भाव नाही. ती तिथेच राहते आणि नाल्यात जाते. आपण अर्धा तास वापरलेली वस्तू आपल्याच माणसाला हाताने काढावी लागते. म्हणून हा प्रश्न आपला आहे.

भन्तेजींनी आम्हाला विनयपिटकातली एक गोष्ट सांगितली होती. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंद स्थविरांना पाचशे वस्त्रे दान दिली. एवढ्यांचे काय करणार, असे राजाने विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्या भिक्खूंना वाटू, असे आनंद म्हणाले. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची अंथरुणे. ती विरली की गादीच्या खोळी, मग जमिनीवर अंथरायला, मग पायपुसणे, मग धूळ झाडायचे फडके. आणि शेवटी त्या चिंध्या कुटून चिखलात कालवून जमीन लिंपायची. राजाला इतके समाधान वाटले की त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. आपल्या आज्यांनी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या, तो हाच विचार नव्हे का?

तेव्हा आम्ही घरातल्या जुन्या साड्या, चादरी, पँटी गोळा केल्या. ज्यांच्याकडे शिलाई मशीन आहे त्यांनी दुपारी पिशव्या शिवल्या. पहिला गठ्ठा त्या ताईच्या गाडीवर टांगला. विसरून आलेल्याने न्यावी आणि दुसऱ्या दिवशी धुऊन परत आणावी. खरे सांगायचे तर निम्म्या परत आल्याच नाहीत. म्हणून आम्ही घरोघर फिरलो. दाराच्या कडीला एक पिशवी कायम अडकवून ठेवा, एवढेच सांगितले. मासळी-मटणाला झाकणाचा डबा न्या. आणि बाजारात मिळणारी 'नॉन-वोव्हन' पिशवी कापडासारखी दिसते, पण ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच असते. तिला फसू नका.

पण बोट दुसऱ्याकडे दाखवण्याआधी विहाराकडेही पाहू. वैशाख पौर्णिमेला आपण खीरदान करतो, १४ एप्रिलला मिरवणुकीत पाणी वाटतो. सकाळी रस्त्यावर काय पडलेले असते? देशात १ जुलै २०२२ पासून बंदी असलेले तेच प्लॅस्टिकचे ग्लास आणि चमचे! बाबासाहेबांच्या जयंतीचा कचरा उचलायला पहाटे पुन्हा आपलीच माणसे येतात. हे बरे दिसते का?

म्हणून समितीला आमची नम्र विनंती आहे. विहाराने स्टीलचे ग्लास आणि वाट्या घ्याव्यात. ते घासायची पाळी आम्ही लावू, पण त्यात पुरुष मंडळींचीही नावे हवीत! आणि विहाराच्या लेटरहेडवर वॉर्ड ऑफिसला निवेदन द्यावे की भाजीवालीची टोपली तपासता तशी ठोक माल विकणाऱ्याची गोदामेही तपासा. पिशवी टोपलीत तयार होत नाही, ती वरून येते. तिथे दंड होऊ द्या.

कायदा सरकार करते, पण तो पाळला जातो तो उंबरठ्यावर. उद्या सकाळी बाजाराला निघताना कडीकडे हात जाऊ द्या. त्या ताईला पुन्हा दंड भरावा लागला, तर तो आपण भरायचा, असे आमच्या मंडळाने ठरवले आहे. तशी वेळ येऊ नये, हे आता आपल्या सर्वांच्या हातात आहे.

नमो बुद्धाय. जयभीम.