तीन आठवड्यांची रजा

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘आयटीमधली वाटचाल’ हा विषय दिला होता. त्यांची माफी मागून मी दुसऱ्याच गोष्टीवर बोलणार आहे.

मागच्या वर्षी मला स्तनाचा कर्करोग झाला. हा शब्द माइकवरून उच्चारताना आत्ताही जड जातंय. आपल्या वेळी शरीराचा तो धडा ‘घरी वाचून या’ म्हणून संपायचा, बहुतेक शाळांत तसंच होतं. म्हणून मीही महिनाभर सगळ्यांना ‘छातीत गाठ आहे’ एवढंच सांगत होते.

अंघोळ करताना डाव्या बाजूला बोराएवढी टणक गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून दहा दिवस दुर्लक्ष केलं. मग मॅमोग्राफी, सोनोग्राफी, सुईने तुकडा काढून तपासणी. गाठ पावणेदोन सेंटिमीटर, म्हणजे सुरुवातीचा टप्पा. सर्जन म्हणाले, “दोन्ही रस्ते मोकळे आहेत. गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढून स्तन वाचवता येईल, किंवा पूर्ण स्तन काढता येईल. विचार करून सांगा.”

मला वाटलं होतं, डॉक्टर सांगतील आणि मी करेन. इथे तर प्रश्नपत्रिका माझ्याच हातात दिली!

घरी सासूबाई म्हणाल्या, “सगळं काढून टाक गं, जिवापेक्षा काही मोठं नाही.” त्यात माया होती. नवरा म्हणाला, “तू म्हणशील तसं.” त्यातही माया होती, पण त्या रात्री मला फार एकटं वाटलं. मग सवयीप्रमाणे मी एक्सेल उघडलं.

पहिली ओळ होती, ‘जगण्याची शक्यता’. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७६ मध्ये १,८५१ स्त्रियांवर अभ्यास सुरू केला. इटलीत मिलानला उंबेर्तो वेरोनेसी यांनी ७०१ स्त्रियांवर केला. दोन्हींचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. स्तन वाचवलेल्या आणि पूर्ण काढलेल्या स्त्रियांच्या जगण्यात फरक पडला नव्हता. ती ओळ मी तीनदा वाचली. ‘सगळं काढलं की जास्त सुरक्षित’ हे मीही मनातून धरून चालले होते.

फरक दुसऱ्या ओळीत होता. स्तन वाचवला तर बहुतेकदा रेडिएशन घ्यावं लागतं. फिशर यांच्या अभ्यासात रेडिएशन न घेतलेल्यांपैकी ३९ टक्के स्त्रियांना वीस वर्षांत त्याच स्तनात पुन्हा गाठ आली. घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण १४ टक्के होतं. आजच्या औषधांमुळे ते आणखी कमी झालं आहे. केमोथेरपी लागणार की नाही, हे मात्र गाठीच्या स्वभावावर ठरतं. पूर्ण स्तन काढला म्हणून केमो टळत नाही.

माझे बाबा टेल्कोत टूलरूमला होते. त्यांनी सर्जनना एकच प्रश्न विचारला, “कापल्यावर कडेला काही उरलंय का, हे कोण मोजतं?” सर्जन खूश झाले. काढलेल्या तुकड्याच्या कडांना शाई लावतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. शाईपर्यंत कर्करोगाच्या पेशी पोहोचल्या असतील, तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. बाबा म्हणाले, “मग ठीक आहे. मापून चाललंय काम.”

मी स्तन वाचवायचं ठरवलं. कडा स्वच्छ आल्या. रेडिएशनच्या पंधरा बैठका झाल्या, आठवड्यातून पाच दिवस, असे तीन आठवडे. निगडीहून पुण्याला नवरा गाडीने न्यायचा. कंपनीने रजा दिली, विम्याने बिल भरलं.

पण मी आज उभी राहिले ते शेजारच्या खाटेवरच्या बाईंसाठी. चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार, वय माझ्याएवढंच. गाठही जवळपास माझ्याएवढीच. त्यांनी पूर्ण स्तन काढून घेतला. मी कारण विचारलं. म्हणाल्या, “मॅडम, रोज पुण्याला यायचं म्हणजे दोन बस, वर तळेगाव चौकातली गर्दी. तीन आठवडे खाडा पडला तर कंत्राटदार दुसरी बाई ठेवतो.”

पूर्ण स्तन काढणं चूक नाही, हे नीट ऐका. एकाच स्तनात लांब-लांब गाठी असतील, आधी छातीला रेडिएशन दिलेलं असेल, तर तेच योग्य ठरतं. काही जणींना मनाच्या शांततेसाठीही तेच हवं असतं. पण या बाईंना ते हवं नव्हतं. माझ्या तक्त्यात बावीस ओळी होत्या, त्यांच्या तक्त्यात एकच होती.

आपल्या तुकडीतल्या कितीतरी जणांची भोसरीत, चाकणला वर्कशॉप आहेत. काही जण एचआरमध्ये आहेत. तुम्हाला माझी विनंती आहे. तुमच्याकडच्या कंत्राटी बायकांची ईएसआयसीची वर्गणी खरंच भरली जाते का, ते उद्या तपासा. एकवीस हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना त्यात उपचार मिळतात. सलग दोन वर्षं नोकरी आणि ठरलेली वर्गणी असेल, तर कर्करोगासाठी पगाराच्या ८० टक्के भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. कागदोपत्री खंड पडला की हे सगळं अडतं. आणि कुणी तीन आठवडे मागितले, तर तिची जागा राखून ठेवा.

मैत्रिणींनो, तुम्हाला दोन गोष्टी. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून दीड लाखांहून अधिक स्त्रियांवर अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तनतपासणी केली, तरी पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या आजाराचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा तपासून घ्या, आणि गाठ लागली तर माझ्यासारखे दहा दिवस घालवू नका. दुसरं, निदान झालंच तर त्याच संध्याकाळी शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायची गरज नसते. थोडे दिवस घ्या, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, आणि विचारा, “मला दोन्ही पर्याय आहेत का? नसतील, तर का नाहीत?”

मित्रांनो, घरी ही वेळ आली तर ‘तू म्हणशील तसं’ एवढ्यावर थांबू नका. तिच्याबरोबर बसून तक्ता भरा. माझा नवरा दुसऱ्या दिवशी बसला होता. तो आज मागच्या रांगेत आहे, म्हणून हे सांगून ठेवते.