त्रिकोणांनी बंद होणारे आकार
(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आपल्या हिंगोली जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत शिकणारी पुष्कळ मुले-मुली भूमितीला भितात. याचे एक कारण असे की वस्तू भरीव असते आणि पुस्तकातले चित्र सपाट. मागची बाजू दिसत नाही, मग उत्तर पाठ केले जाते. त्यावर जुन्या लग्नपत्रिका, कात्री आणि डिंक एवढे साहित्य पुरेसे आहे. शाळेत प्रयोगशाळा नसली तरी अडत नाही.

पत्रिकांमधून तिन्ही भुजा सारख्या असलेले त्रिकोण कापा. अशा प्रत्येक त्रिकोणाचा कोन 60 अंशांचा असतो. आता एका टोकाभोवती किती त्रिकोण जोडता येतील ते पाहू. दोन जोडले तर कोपरा बंदच होत नाही. तीन जोडले तर 180 अंश होतात आणि कोपरा उभा राहतो. चार जोडले तर 240, पाच जोडले तर 300. सहा जोडले की 360 अंश पुरे होतात आणि सारे फरशीसारखे सपाट पडते. म्हणजे कोपऱ्यासाठी तीन, चार किंवा पाच, एवढेच मार्ग उरतात.

प्रत्येक कोपऱ्यावर तीन ठेवले तर 4 पृष्ठांचा चतुष्फलक तयार होतो, चार ठेवले तर 8 पृष्ठांचा अष्टफलक आणि पाच ठेवले तर 20 पृष्ठांचा विंशतिफलक. सर्व कोपरे सारखे हवेत, ही अट मात्र पाळली पाहिजे. दोन चतुष्फलक एकमेकांना चिकटवले तर 6 त्रिकोणांचा आकार होतो खरा, पण त्याच्या दोन टोकांवर तीन-तीन आणि उरलेल्या तीन टोकांवर चार-चार त्रिकोण येतात. म्हणून तो या यादीत बसत नाही.

कडा मोजतानाही पाठांतर नको. प्रत्येक त्रिकोणाला तीन बाजू आणि प्रत्येक कड दोन त्रिकोणांची सामाईक. म्हणून 4 पृष्ठांना 6 कडा, 8 ना 12 आणि 20 ना 30. पृष्ठे आणि शिरोबिंदू यांची बेरीज कडांपेक्षा 2 ने जास्त येते का, हे स्वतः मोजून पाहा.

चतुष्फलकाला आपल्याकडे फार जुने नाव आहे. इसवी सन 499 मधील आर्यभटीयात त्याला ‘षडश्रि’, म्हणजे सहा कडांचा, असे म्हटले आहे. तेथे त्याचे घनफळ पायाचे क्षेत्रफळ आणि उंची यांच्या गुणाकाराच्या निम्मे सांगितले आहे. हे बरोबर नाही. इसवी सन 628 मध्ये ब्रह्मगुप्ताने अशा टोकदार आकारांसाठी एक तृतीयांशाचा नियम दिला. पुढे भास्कराचार्यांच्या लीलावतीतही तोच नियम आला. याच भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला. त्याचा 1207 चा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे.

आर्यभट थोर गणिती होते, यात शंका नाही. तरीही त्यांचा नियम तपासला गेला, हे लक्षात ठेवा. तोच नियम तुम्हीही तपासू शकता. 10 सें.मी. भुजेचा चतुष्फलक करा आणि त्याची एक बाजू उघडी ठेवा. त्याची सरळ उंची सुमारे 8.2 सें.मी. भरते. तेवढ्याच त्रिकोणी तळाचा आणि तेवढ्याच उंचीचा उभा डबा करा. चतुष्फलकाने ज्वारी मोजून डब्यात ओता. दोन मापांत डबा भरला तर आर्यभट बरोबर, तीन मापे लागली तर ब्रह्मगुप्त बरोबर. निकाल ज्वारीच देईल.

त्रिकोणाचा आणखी एक गुण आहे. चार काड्या टोकांना सैल बांधल्या तर चौकोन तिरपा होतो. तीन बांधल्या तर त्रिकोण हलत नाही. पत्र्याच्या छपराखालची कैची आणि शेतातून जाणारा विजेचा मनोरा याच बळावर उभे असतात.

पालकांना एकच विनंती आहे. मुलगी घरात पुठ्ठा कापत बसली तर पसारा केला म्हणून रागावू नका. ती अभ्यासच करीत आहे. आणि विद्यार्थ्यांनो, गुरुजींना “किती?” विचाराल तेव्हा “का?” हेही विचारा.