सुटींत पाटी कोरी राहूं नये

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या आईबापांच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवानिमित्त देवळाच्या भिंतींना नवा रंग लागला, घंटा उजळली, अंगणांत मांडव पडला. याबद्दल आम्ही परमेश्वराचे आभार मानतों व तुमच्या श्रमांचें मनापासून कौतुक करतों. परंतु आज आम्हांस बोलावयाचें आहे तें या इमारतीविषयीं नव्हे, तर ज्यांच्या हातीं ती उद्यां जावयाची आहे त्या मुलांविषयीं. लवकरच शाळा बंद होतील व सुमारें सहा आठवड्यांची उन्हाळ्याची सुटी लागेल. त्या सुटींत मुलांचें वाचणें-लिहिणें कसें चालू राहावें, एवढाच आमच्या भाषणाचा विषय आहे.

हा विषय आम्हांस कां सुचला, तें प्रथम सांगतों. गतवर्षीं जून महिन्यांतील एका रविवारीं मिस्सेंतील पहिलें वाचन करण्यास आम्हीं एका दहा-अकरा वर्षांच्या मुलास उभें केलें. मूल हुशार, शाळेंत पुढें असणारें. दोन ओळी त्यानें कशाबशा वाचल्या. तिसऱ्या ओळींतील जोडाक्षरापाशीं तें अडलें, आणि अडलें तें अडलेंच. मागच्या बांकांवर कोणीतरी हंसलें. आम्हीं उठून ग्रंथ आपल्या हातीं घेतला व उरलेलें वाचन पुरें केलें. मिस्सा वेळेवर संपली. पण तें मूल पुढें कित्येक महिने वाचकाच्या जागेकडे फिरकलें नाहीं. दोष त्याचा नव्हता. वाचनाचा कागद आम्हीं त्यास आयत्या वेळीं दिला होता. आणि साऱ्या सुटींत मराठीची एक ओळहि मोठ्यानें वाचण्याचा प्रसंग त्यास कोणीं आणून दिला नव्हता. आम्हींहि नाहीं. ही चूक आम्ही आज तुमच्यापुढें कबूल करतों, कारण ती आपणां सर्वांस मिळून सुधारावयाची आहे.

आपण वसईचीं वाडींत वाढलेलीं माणसें आहों. वैशाखांत केळीचें पाणी तोडलें तर पान कसें करपतें, हें आपणांस कोणीं शिकवावयास नको. अक्षराचेंहि तसेंच आहे. १९९६ सालीं अमेरिकेंतील हॅरिस कूपर व त्यांचे सहकारी यांनीं या विषयावरील ३९ संशोधनांचा एकत्र विचार केला, तेव्हां त्यांस असें दिसलें कीं, उन्हाळ्याच्या लांब सुटीनंतर मुलें सरासरीनें सुमारें एका महिन्याच्या शिक्षणानें मागें पडतात. आणि वाचनाच्या बाबतींत गरिबांच्या मुलांचें नुकसान अधिक होतें. या नुकसानीच्या मोजमापाविषयीं पुढें विद्वानांत वाद झाला आहे. तथापि आपल्या येथील अडचण आणखी निराळी आहे. आपलीं पुष्कळ मुलें इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात. त्यांत आम्हांस गैर कांहीं दिसत नाहीं. परंतु ज्या मराठींत तीं प्रार्थना म्हणतात व उपदेश ऐकतात, ती त्यांच्या केवळ कानांवर पडते. डोळ्यांखालीं क्वचितच येते. सुटींत तर मुळींच येत नाहीं.

मग घरोघरीं उपाय काय होतो? आई म्हणते, "अभ्यासाला बस." बाप बाजारांतून जाड पुस्तक आणतो, तें कपाटांत राहतें. शाळेनें दिलेली वही शाळा उघडण्याच्या आदल्या दोन रात्रींत घाईघाईनें भरली जाते. असें कां व्हावें? मूल आळशी असतें म्हणून नव्हे. त्या लिहिण्याची घरांत कोणास गरज नसते म्हणून. वाचणाऱ्यास ऐकणारा पाहिजे आणि लिहिणाऱ्यास वाचणारा पाहिजे. आमचें सारें सांगणें या एका वाक्यांत आलें.

प्रेषितांच्या कृत्यांत ती कथा आहे: कुशी देशाचा तो अधिकारी रथांत बसून यशयाचा ग्रंथ वाचीत होता, आणि धांवत आलेल्या फिलिपानें तें वाचन ऐकलें. तो मोठ्यानें वाचीत होता म्हणूनच त्यास समजावून सांगणारा भेटला. फादर थॉमस स्टीफन्स यांनीं सुमारें ११,००० ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचलें व तें १६१६ सालीं गोव्यांतील राशोल येथें छापलें गेलें. तेंहि एकानें वाचावें व अनेकांनीं ऐकावें अशाच हेतूचें होतें. आपल्या वसईंतील नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं मराठींत "सुबोध बायबल" सिद्ध केलें व २०२० सालीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद भूषविलें. २०२४ सालीं ते प्रभुघरीं गेले. पण त्यांचा ग्रंथ आपल्यापाशीं आहे. तो वाचणारीं मुलें आपण तयार केलीं नाहींत, तर त्यांच्या श्रमांचें आपण काय केलें?

आतां उपाय सांगतों. पहिला वाचनाचा. रोज संध्याकाळीं, जपमाळेच्या आधीं, मुलानें पंधरा मिनिटें मोठ्यानें वाचावें आणि घरांतील एका माणसानें हातांतलें काम व मोबाईल बाजूस ठेवून ऐकावें. येत्या रविवारचें शुभवर्तमान थोडें थोडें वाचावें. तें झाल्यावर गोष्टीचें पुस्तक, वर्तमानपत्र, मुलास आवडेल तें. ऐकणारास लिहितां-वाचतां आलेंच पाहिजे असें नाहीं. ज्या आजीस अक्षरओळख नाहीं, तिच्याएवढा चांगला श्रोता दुसरा नाहीं. कारण तिला तें वाचन खरोखरच हवें असतें. मूल शब्दापाशीं अडलें तर लगेच सांगूं नये. मनांत पांच अंक मोजावे. बहुतेक वेळां चार मोजण्याच्या आंत शब्द त्याचा त्यास सांपडतो.

दुसरा उपाय लेखनाचा. घरांत सुटीची एक वही असावी आणि तींत घराच्या उपयोगाचेंच लिहावें. राजेळी केळ्यांचीं सुकेळीं आजी कशीं करते, केळें केव्हां सोलावें, किती दिवस उन्हांत ठेवावें, हें सारें तिच्या तोंडून ऐकून मुलानें उतरून घ्यावें. आजी कादोडींत किंवा वाडवळींत बोलत असेल तर तिच्याच शब्दांत उतरावें. ही विद्या आज थोड्याच हातांत उरली आहे. मुलाच्या वहींत ती टिकली तर साऱ्या घराचा लाभ आहे. मामा बोटीवर किंवा आखातांत असेल तर त्यास कागदावर पत्र लिहावें. आणि मामांनीं, कृपा करून, त्यास उत्तर द्यावें. लग्नसराईंत आमंत्रणाच्या याद्या मुलांकडूनच लिहवाव्या.

तिसरी गोष्ट पथ्याची. संत जेरोम यांस लेता नांवाच्या रोमच्या एका मातेनें आपली लहानगी पौला कशी वाढवावी असें विचारलें, तेव्हां सुमारें ४०३ सालीं त्यांनीं तिला पत्रानें कळविलें कीं, लांकडाचीं वा हस्तिदंताचीं अक्षरें करून मुलीस खेळावयास द्यावीं, शिकण्यास सोबती द्यावे, लहान बक्षिसें द्यावीं. आणि मागें पडली म्हणून रागें भरूं नये, कारण बाळपणीं बसलेली अढी पुढें जात नाहीं. सोळाशें वर्षांनंतरहि यांत बदलावें असें आम्हांस कांहीं दिसत नाहीं. वाचन ही शिक्षा करूं नका. आंबे, विहिरींतलें पोहणें, वाडींतलें हुंदडणें हीं मुलांपासून काढून घेऊं नका. सुटी त्यांचीच आहे.

धर्मग्रामाकडूनहि आम्ही दोन गोष्टींचें वचन देतों. सुटींत दर रविवारीं मिस्सेनंतर पुस्तकांचें कपाट उघडें राहील. आणि वाचन करणाऱ्या मुलांस कागद पंधरा दिवस आधीं मिळेल. आयत्या वेळीं कोणासहि उभें केलें जाणार नाहीं.

त्या मुलाचें पुढें काय झालें, असें तुम्ही विचाराल. आम्ही त्याच्या घरीं गेलों व झाल्या गोष्टीबद्दल त्याची क्षमा मागितली. नाताळच्या वाचनाचा कागद त्यास दोन आठवडे आधीं दिला. त्याच्या आजीस वाचतां येत नाहीं. तिनें रोज रात्रीं तें ऐकलें. नाताळच्या मिस्सेंत तें एके ठिकाणीं अडलें. आम्ही जागेवरून हललों नाहीं. देवळांत कोणी हंसलें नाहीं. क्षणभर थांबून त्यानें तो शब्द वाचला व शेवटपर्यंत वाचून तें खालीं उतरलें.

नासरेथच्या सभास्थानांत आपल्या प्रभूनें ग्रंथ हातीं घेतला, वाचला, आणि सर्वांनीं ऐकला. त्याच्या कृपेनें या सुटींत आपल्या प्रत्येक घरांत एक वाचणारा व एक ऐकणारा असो, हीच आमची प्रार्थना. देव तुम्हां सर्वांस व तुमच्या लेंकरांस आशीर्वाद देवो.